हेच, आणि एवढंच

४ मार्च

दादा,

‘तीर्थरूप’ लिहिलं नाही आणि ‘साष्टांग नमस्कार’ही लिहीत नाही. शाळेत पत्रलेखनात मायन्याचे दोन गुण असायचे. ते आज माझे गेले असं समज.

हे पत्र मी इतक्यात टाकणार नाही. पाकिटात घालून, पाकीट चिकटवून माझ्या पेटीत ठेवणार आहे. याच्या मागून आणखी होतील. सगळी तुला एकदम मिळतील, आणि तेव्हा तुझ्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसेल.

तू जिथे मोठा साहेब आहेस, त्या कंपनीची फाईल आज माझ्या टेबलावर आली.

मी कुठे काम करतो ते तुला ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. तुमच्या कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकांचे जे वकील आहेत, त्यांच्या ऑफिसात मागच्या खोलीत मी बसतो. खोलीला खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते. दोन प्रिंटर, कागदाला भोकं पाडायचं यंत्र आणि एक म्हातारे बाईंडर, ज्यांना सगळे मामा म्हणतात. करारनामा वकील लिहितात. त्याच्या शेवटी जी परिशिष्टं जोडतात ती माझ्याकडे असतात. कर्ज मागणाऱ्या कंपनीने स्वतःबद्दल जे जाहीर करायचं ते त्यांत येतं. परिशिष्ट एक, आमच्या उपकंपन्या कोणत्या. परिशिष्ट दोन, फोन आणि इंटरनेट चालवायचे आमचे परवाने कोणते. परिशिष्ट तीन, आमच्यावर आणि आमच्या उपकंपन्यांवर कर्ज कोणकोणतं. कंपनी याद्या पाठवते, मी त्या आमच्या नमुन्यात बसवतो, मूळ यादीशी ताडून बघतो आणि पानांना क्रमांक घालतो. नववीतून शाळा सोडलेल्याला याहून मोठं काम कोण देणार? अक्षर आणि शुद्धलेखन बघून घेतलं मला.

तर परिशिष्ट एक. मी वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. आईचं नाव नव्हतं.

बाबांनी कंपनीला आईचं नाव दिलं तेव्हा तू कॉलेजातून सुट्टीवर आला होतास. “बाबा, हे शिलाईच्या दुकानासारखं वाटतं,” असं म्हणाला होतास. बाबा म्हणाले होते, “वाटू दे. बिलावर तिचं नाव असलं की लोक वेळेवर पैसे भरतील. सगळे तिला टरकून असतात.” आणि भरायचेही.

परिशिष्ट दोन मात्र बघण्यासारखं आहे. तिथे आपल्या खोऱ्याचा परवाना आहे, बाबांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून मिळवलेला. धारक म्हणून तुझ्या मोठ्या कंपनीचं नाव, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘मूळ कंपनी विलीन’. परिशिष्ट तीनमध्ये छोट्या बँकेचं कर्ज नाही. केबल ओढण्यासाठी आपलं घर तारण ठेवून बाबांनी काढलेलं, तेच. म्हणजे गाय तुझी, दूध तुझं, शेण आमचं.

विलीन झाली म्हणे! छोट्या बँकेने घराला सील ठोकल्यापासून आई आणि मी भाड्याच्या खोलीत राहतो, तिथे विलीन झालेल्या कंपनीच्या नावाने नोटिसा कशा येतात मग? मेलेल्याला कोणी तगादा लावतं का?

“शेअर आमच्या मालकांना देऊन टाका बाबा, कर्ज त्यांची कंपनी फेडेल, विक्रीच्या कागदात लिहिलंय,” हे तू बाबांना सांगितलंस. मालकांना काय सांगितलंस ते मला इतकी वर्षं कळत नव्हतं. आज कळलं. त्यांना तू सांगितलंस की कर्ज केव्हाच फिटलंय. नाहीतर एवढीशी कंपनी यादीतून गाळायचं कारणच काय? ती लिहिली की तिचं कर्ज लिहावं लागतं, आणि कर्ज लिहिलं की मालक विचारणार, हे कुठून उगवलं?

नवीन फाईल आली की आमच्याकडे प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागतो. तोही भरून दिला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तुझा धाकटा


११ मार्च

दादा,

आज तुझा आवाज ऐकला. मॅडमच्या खोलीत कागद द्यायला गेलो तेव्हा फोन स्पीकरवर होता.

मॅडम म्हणजे आमच्या मोठ्या वकीलबाई. ऑफिसात आल्या की बूट काढून सपाता घालतात आणि कोणाचंही ऐकताना डोळे मिटून घेतात, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं झोपल्या. त्या विचारत होत्या, “खोऱ्याचा परवाना ज्या कंपनीचा होता, ती विलीन झाल्याचा आदेश कुठे आहे?”

आणि तू हसलास. “मॅडम, फार जुनं प्रकरण आहे ते. मयत कंपनी. घरगुती मामला होता हो, दोन खांब आणि एक कुत्रा. आदेश जुन्या दप्तरात आहे, काढायला वेळ लागेल. तोवर माझ्या सहीचं प्रमाणपत्र देतो ना.”

मॅडम म्हणाल्या, “द्या. जबाबदारी तुमची.”

कुत्रा आपला होता, दादा. तू सुट्टीवर आलास की तो तुझ्या चपलेवर झोपायचा. आणि ज्या दोन खांबांवर तू हसलास, त्यांच्यावर पावसावाऱ्यात बाबा स्वतः चढायचे. खाली शिडी धरून मी उभा असायचो, कारण तुझी फी भरायची म्हणून शिडी धरणारा माणूस ठेवणं परवडत नव्हतं. शाळा का सुटली असं मला कोणी विचारलं की मी ‘आवड नव्हती’ म्हणतो.

मी कागद टेबलावर ठेवले आणि बाहेर आलो. तिथल्या तिथे बोलता आलं असतं. “मॅडम, ती कंपनी जिवंत आहे, ही बघा तिच्या नावाची नोटीस.” एवढंच म्हणायचं होतं. का म्हटलं नाही ते सांगतो.

परवा मामा पानं शिवत होते. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, “मामा, यादीत एखादी कंपनी राहून गेली तर काय होतं हो?”

“कधी सापडते त्यावर आहे,” मामा म्हणाले. “पैसे उचलायच्या आधी सापडली तर ‘अरेच्चा, नजरचूक’, की एक ओळ वाढवायची आणि चहा प्यायचा. उचलल्यानंतर सापडली तर मात्र संपलं. बँक म्हणते, तुम्ही खोटं बोलून पैसे नेलेत, सगळे परत टाका. एका कंपनीच्या साहेबाने असाच कोणाला दिलेला जामीन लपवला होता. मोठा फाकडू माणूस, टाय लावून यायचा.”

“मग?”

“मग काय? आता शिकवण्या घेतो. टाय नाही लावत.” दोरा दातांनी तोडून मामा म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती उघडायला लावणारा भेटेपर्यंत.”

म्हणून मी गप्प आहे. आत्ता बोललो तर ती तुझी नजरचूक ठरेल आणि तू चहा पिशील. तू चहा प्यावास असं मला नको आहे. तू सही करावीस, तिच्या जोरावर तुझ्या कंपनीने पहिली उचल न्यावी, आणि मग मी ती नोटीस घेऊन मॅडमच्या दारात उभं राहावं, एवढंच मला हवं आहे. कामावर येताना, जाताना मी तोच प्रसंग मनात घोळवतो. त्यात मी काही बोलत नाही. फक्त कागद ठेवतो आणि तुझ्याकडे बघतो.

मामांनी फाईलवर तुझं नाव वाचून विचारलं, “काय रे, आडनाव एकच? पाहुणे की काय?” मी म्हटलं, “आमच्या आडनावाचे पायलीचे पन्नास मिळतात, मामा.” त्यांनी पुढे विचारलं नाही. पण हातातल्या पानावर माझ्या अंगठ्याचा ओला डाग पडला. ते पान मी पुन्हा छापलं.

धाकटा


१९ मार्च

दादा,

आज सह्या झाल्या. तू मला पाहिलंस.

हे मी शांतपणे लिहिणार आहे.

मोठ्या खोलीत लांब टेबल, एका बाजूला बँकांची माणसं, दुसऱ्या बाजूला तुझे मालक आणि तू. मी भिंतीशी उभा होतो, पानं पुढे करायला. मॅडमची एक पद्धत आहे. परिशिष्टांवर नुसती सही चालत नाही त्यांना. सही करणाऱ्याने प्रत्येक परिशिष्ट मोठ्याने वाचायचं, आणि वाचून झालं की त्या डोळे उघडून विचारतात, “हेच, आणि एवढंच?” त्याने “एवढंच” म्हणायचं, मगच पेन हातात मिळतं. मामा म्हणतात, मॅडमनी हे त्यांच्या आजोबांकडून घेतलं. तेही वकील होते आणि त्यांचा म्हणे कागदापेक्षा कानावर भरवसा होता.

तू उपकंपन्या वाचल्यास. वाचताना तुझा आवाज चांगला लागतो, लहानपणापासून. शाळेत प्रार्थना सांगायला तुलाच उभं करायचे. शेवटचं नाव झालं.

“हेच, आणि एवढंच?”

“एवढंच.”

परवाने वाचलेस. खोऱ्याच्या नावावर जरासुद्धा अडखळला नाहीस. कर्जं वाचलीस. “एवढंच.” पुन्हा “एवढंच.” मी एकेक पान तुझ्यापुढे सरकवत होतो आणि तू कोपऱ्यात आद्याक्षरं टाकत होतास. तिसऱ्या परिशिष्टाच्या शेवटच्या पानाला माझा हात थोडा पुढे राहिला. तू वर पाहिलंस.

तू मला ओळखलंस. उगाच नाही म्हणू नकोस. तुझ्या डाव्या डोळ्याखालची शीर उडाली, खोटं बोलताना बाबांसमोर उडायची तशी.

मग तू माझ्याकडे बघून म्हणालास, “जरा पाणी मिळेल का?”

मालक म्हणाले, “हो, मलाही आण रे.”

मी पाणी आणलं. दोन ग्लास, ट्रेमध्ये, खाली कागदी रुमाल. तुझा ग्लास तुझ्या उजव्या हाताशी ठेवला. तू ‘थँक्यू’ म्हणालास. तेही मला नाही, ग्लासाला.

चार वर्षांनी भेटलो होतो. बाबांना पोचवून आल्यावर दारातच तू गाडीत बसलास, त्यानंतर आज.

आता तुला काय वाटत असेल तेही मला कळतं. तू घाबरला असशील. घरी जाऊन हिशेब मांडला असशील, हा बोलेल का, बोलायचं असतं तर आधीच का नाही बोलला, याला काय पाहिजे. मी बोललो नाही म्हणून तू निर्धास्त होशील. तुला वाटेल, धाकटा तो धाकटाच, शिडी धर म्हटलं की धरणार.

पहिली उचल सव्वीस तारखेला आहे. त्या सकाळी तू आणखी एक कागद सही करणार: ‘परिशिष्टांत जे जाहीर केलं ते आजही खरं आहे.’ सत्तावीसला मी मॅडमकडे जाईन. मालक बाजूला सरकतील आणि तू एकटा असशील.

धाकटा


२२ मार्च

आज रविवार. आईकडे आहे, म्हणजे घरीच आहे, पण ही खोली आईचीच वाटते. माझी एक गादी आणि पेटी आहे फक्त.

दादा, तुझ्यापासून काही लपवायचं कारण नाही, तरी पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. करारनाम्यातल्या सातव्या कलमाची. त्यात लिहिलंय की परिशिष्ट तीनमध्ये उपकंपन्यांची जी जुनी कर्जं जाहीर केली आहेत, ती पहिल्या उचलीतूनच फेडून टाकायची, म्हणजे नव्या बँकांच्या पुढे जुना धनको राहत नाही. ते कलम मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे.

म्हणजे आईची कंपनी यादीत आली असती, तर सव्वीस तारखेला छोट्या बँकेचे पैसे चुकते होऊन घर सुटलं असतं. मी सत्तावीसपर्यंत थांबलो, तर तू बुडशील आणि घरही जाईल. छोट्या बँकेने आता लिलावाची तारीख घातली आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली आहे. नोटीस घराच्या दाराला चिकटवली आहे, आणि एक प्रत इथे.

मी मनाशी म्हणत होतो, घर काय, चार भिंती. बाबा नाहीत, आता काय करायचंय घर? सूड पुरता घ्यावा. अर्धा घेतलेला सूड अंगावर येतो.

आज ते आईला सांगितलं. सगळं. फाईल आली इथपासून पाण्याच्या ग्लासापर्यंत. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पाण्याचं ऐकल्यावर तिने माझा शर्ट परत झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घातली.

“थंड होतं का?” तिने विचारलं.

“काय?”

“पाणी.”

“आई, मी काय सांगतोय!”

“ऐकतेय मी. त्याला थंड पाण्याने लगेच घसा धरतो, म्हणून विचारलं.” मग म्हणाली, “त्याने माझं नाव वाचलं नाही. बरं. आणि तू त्या नोटिशीवर बसून राहिलास. तेही बरं. एकाने मला मेलेली ठरवलं आणि दुसरा मला बेघर करून त्याचं उट्टं काढणार. दोन मुलगे आहेत मला, दोघेही माझ्याच डोक्यावर पाय देऊन भांडताहेत.”

मी म्हटलं, “तुला त्याचा राग येत नाही का?”

“राग?” आई म्हणाली. “या चाळीत चार घरांना मिळून एक न्हाणीघर आहे. रोज सकाळी टॉवेल घेऊन मी त्या शेजारणीच्या मागे उभी राहते आणि ती आत गाणी म्हणत बसते. रोज उभ्या उभ्या मी त्याचा विचार करते. तुझ्यापेक्षा जास्त करते. मला शिकवू नकोस राग.”

शर्ट माझ्या पेटीवर ठेवून ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

“सूड घ्यायचाय ना तुला? घे. मी नको म्हणत नाही. पण माझ्या घरात बसून घे.”


२५ मार्च

दादा,

आज जे झालं त्यातलं अर्धं तुझ्यासमोर झालं. आधीचं अर्धं तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

पहिल्या पत्रात एका फॉर्मचा उल्लेख होता. ‘कर्ज घेणाऱ्या कंपनीत आपले कोणी नातेवाईक आहेत काय? असल्यास नाते लिहा.’ त्यात मी ‘नाही’ लिहिलं होतं. ‘हो’ लिहिलं असतं तर फाईल माझ्या टेबलावरून उचलली गेली असती. तुझ्यासमोर आईचं नाव नसलेली यादी, माझ्यासमोर तुझं नाव नसलेला फॉर्म. आपण दोघांनी आपापल्या कागदावर आपल्याच माणसाला खोडून टाकलं. बाबा असते तर म्हणाले असते, निदान एका बाबतीत तरी दोघं भाऊ शोभता.

सकाळी मी कोरा फॉर्म घेतला. लिहिलं, ‘होय’. नात्याच्या रकान्यात, ‘सख्खा थोरला भाऊ’. लिहायला जड गेलं. नोटिशीची प्रत जोडली आणि मॅडमकडे गेलो.

त्यांनी दोन्ही वाचलं. मग डोळे मिटले. मी उभा होतो.

“हा फॉर्म तू आधी एकदा भरलास.”

“हो मॅडम.”

“त्यात ‘नाही’ होतं.”

“हो.”

“म्हणजे भावाने खोटं जाहीर केलं हे सांगायला तू माझ्याकडे आलास, स्वतः खोटं जाहीर करून.”

“हो मॅडम.”

“चांगलं घराणं आहे,” मॅडम म्हणाल्या. “बस. नाही, नको. उभाच राहा.”

पुढे त्या बरंच बोलल्या. सगळं खरं होतं, आणि ते फक्त माझ्याबद्दल होतं. तुझ्याबद्दल एक शब्द नाही. त्यांनी विचारलं, सह्यांच्या आधी का सांगितलं नाहीस, आणि मी खरं ते सांगितलं. तुला बुडवायचं होतं म्हणून. त्या म्हणाल्या, “तुझ्या रागापायी माझ्या पक्षाचे पैसे खड्ड्यात गेले असते. एवढं तरी कळतंय का?” कळत होतं. महिनाअखेरीस माझी नोकरी संपते आहे. “आजचं परिशिष्ट मात्र नीट करून दे,” असं म्हणून त्यांनी तुझ्या मालकांना फोन लावला.

जिन्यातल्या पाण्याच्या मशीनपाशी तू मला गाठलंस. तुझं बोलणं मी विसरणार नाही, तूही विसरू नयेस म्हणून लिहून ठेवतो.

“किती पाहिजेत तुला?”

“एक ओळ.”

“म्हणजे?”

“परिशिष्ट एकमध्ये. तेरावी ओळ. मग दोनमध्ये धारकाचं नाव बदलेल आणि तीनमध्ये कर्ज येईल.”

“तुला कळतंय का काय करतोयस? मालक मला ठेवणार नाहीत.”

“मलाही ठेवलेलं नाही. ये, बस शेजारी.”

“अरे, आपलेच दात आणि आपलेच ओठ…”

“परवा पाणी मागताना होते का रे आपले?”

तेवढ्यात वरून मॅडमच्या सपातांचा आवाज आला.

खोलीत मालकांनी नोटीस बघितली. आवाज न चढवता त्यांनी तुला विचारलं, “हे फिटलंय असं तू मला सांगितलं होतंस ना? तुझ्या वडिलांची कंपनी, म्हणून तुझ्या शब्दावर घेतली होती मी.”

“सर, नजरचूक…”

“तिन्ही परिशिष्टांत एकाच कंपनीपाशी झालेली?” मॅडम म्हणाल्या.

मी तेरावी ओळ टाईप केली. कंपनीचं नाव, म्हणजे आईचं नाव. आपला जुना पत्ता. परवान्याचा क्रमांक. छोट्या बँकेचं कर्ज, तारण काय, तर राहतं घर. दोनदा ताडून पाहिलं आणि पान तुझ्यापुढे ठेवलं. तू पेन मागितलंस. मॅडमनी दिलं नाही.

“वाचा.”

तू वाचलंस. पहिली बारा नावं परवासारखीच आली, घंटेसारखी. तेराव्यापाशी थांबलास. मालक बघत होते, बँकांची माणसं बघत होती, दारात दोरा हातात धरून मामासुद्धा उभे होते. मग तू आईचं नाव घेतलंस. हळू आलं ते, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“हेच, आणि एवढंच?”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीकडे पाहिलं.

“एवढंच,” म्हणालास.

मला वाटलं होतं फार बरं वाटेल. वाटलं. खोटं कशाला लिहू?


३० एप्रिल

दादा,

हे शेवटचं. याच्यासकट सगळी पाकिटं एका मोठ्या लिफाफ्यात घालून तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतो आहे. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवणार होतो, पण मामांकडून कळलं की तुझा सह्यांचा अधिकार काढून तुला कुठल्यातरी आडबाजूच्या टॉवरांच्या देखरेखीवर टाकलंय. म्हणजे आता खांब मोजतोस. कुत्रा आहे का तिथे?

उचल ठरल्या दिवशी झाली. छोट्या बँकेचे पैसे पोचले, लिलाव रद्द झाला. दारावरची नोटीस मी पाण्याने भिजवून सोलून काढली, तरी डिंकाचा चौकोन राहिला आहे. आई म्हणते राहू दे. परवापासून आम्ही घरी आहोत. आई पहिल्या सकाळी न्हाणीघरात गेली ती लवकर बाहेरच आली नाही. मी घाबरून दार वाजवलं. आतून म्हणाली, “काय आहे? बसलेय नुसती.” मग गाणं म्हणायला लागली, त्या शेजारणीचं.

मला काम नाही. मामांनी त्यांच्या ओळखीच्या एका छापखान्यात शब्द टाकला आहे. बघू.

आता कामाचं. कर्ज फिटलं तरी घराची मूळ कागदपत्रं बाबांच्या नावावर असल्यामुळे बँक ती वारसांच्या सह्यांशिवाय देत नाही. त्यासाठी एक अर्ज भरावा लागतो. ‘मयताचे सर्व वारस जाहीर करा. एकही वारस वगळल्यास अर्ज खोटा समजण्यात येईल.’

आईने विचारलं, “दोघांचीच नावं लिहिणार असशील?” तिच्या आवाजावरून तिला काय हवं होतं ते मला कळलं नाही. कदाचित तिलाही कळलं नसेल.

मी बराच वेळ पेन धरून बसलो. तुला गाळणं सोपं होतं. चार वर्षं घराकडे न फिरकलेला माणूस आहेस, बँकेतला कारकून आम्हा दोघांनाच ओळखतो, आणि तुला पाहिजे होतं तेव्हा तू आईला एका शब्दात विलीन केलं होतंस. त्या क्षणी मी तुझ्यासारखं वागू शकलो असतो. म्हणूनच नाही वागलो. तुला गाळून तुझ्या पंगतीला बसायची माझी इच्छा नाही.

मी तिन्ही नावं लिहिली आहेत. पहिलं आईचं, दुसरं तुझं, तिसरं माझं.

याचा अर्थ तुला यावं लागेल. सही टपालाने चालत नाही, मी विचारून घेतलं. बँकेचा माणूस पंधरा मेला सकाळी घरी येणार आहे, सगळ्यांच्या समोर सह्या घ्यायला. ती यादी तुला मोठ्याने वाचायला लावा, असं मी त्याला सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, अशी काही पद्धत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे आहे.

आई समोर बसलेली असेल. तिचं नाव तू पहिलं वाचशील. मग ती तुला विचारेल, “हेच, आणि एवढंच?” हे तिला मी शिकवलेलं नाही. मी हा लिफाफा तयार करत असताना तिने एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि तिला ते आवडलं.

उन्हाळा आहे. येशील तेव्हा तहान लागलेली असेल. या घरात पाणी मागितलं तर मिळतं. पण ‘जरा पाणी मिळेल का’ असं भिंतीकडे बघून विचारलंस, तर कोणी उठणार नाही. माझ्याकडे बघून, मला नावाने हाक मारून माग.

मग मी आणीन.

तुझा सख्खा धाकटा भाऊ